जागरण, घास आणि हट्ट

लहान मूल असलेल्या घराचा दिवस तीन प्रश्नांभोवती फिरतो: मूल झोपले का, जेवले का, आणि आता कशासाठी अडून बसले आहे. जन्मापासून साधारण पाच वर्षांपर्यंत हे असेच चालते. नवराबायकोतले बरेचसे खटके, नातेवाइकांचे बरेचसे सल्ले आणि बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात विचारले जाणारे बरेचसे प्रश्न याच तीन विषयांतले असतात. या प्रत्येक त्रासामागे मुलाच्या वाढीतली एखादी ठरावीक पायरी असते, आणि बहुतेक वेळा त्या वयातली गंमतही तिथूनच येते. आई दिसेनाशी होताच आठ महिन्यांचे मूल ज्या कारणाने भोकाड पसरते, त्याच कारणाने ते ‘बुवाकुक’च्या खेळाला खळखळून हसते. हे लक्षात आले की त्रास कमी होत नाही, पण तो कोणाच्या चुकीमुळे होतो आहे याचा शोध घेण्यात वेळ जात नाही.

सुरुवात झोपेपासूनच होते. नवजात बाळ दिवसातून १४ ते १७ तास झोपते. हा आकडा ऐकायला भरपूर वाटतो, पण ही झोप तुकड्यातुकड्यांनी येते. मोठ्या माणसाच्या झोपेचे एक आवर्तन सुमारे ९० मिनिटांचे असते, बाळाचे ५० ते ६० मिनिटांचे. त्यातला जवळजवळ अर्धा वेळ झोप चाळवलेली असते. पापण्यांखाली डोळे फिरतात, ओठ हलतात, मूल मध्येच हसते किंवा ओठ काढते. सटवाई त्याला हसवते आणि रडवते, अशी आपल्याकडची जुनी समजूत याच झोपेकडे पाहून झालेली आहे. शिवाय दिवस कोणता आणि रात्र कोणती हे बाळाच्या शरीराला अजून ठाऊक नसते. अंधार पडला की झोप आणणारा मेलाटोनिन हा स्राव त्याच्या शरीरात वेळच्या वेळी तयार होऊ लागायला दोन ते तीन महिने जातात. पोट लहान असल्याने चोवीस तासांत आठ ते बारा वेळा दूध लागते, आणि त्यातल्या काही वेळा रात्रीच्या असणारच. पहिल्या तीन महिन्यांत बाळाला ‘रात्रभर झोपायची सवय लावण्याचे’ प्रयत्न फसतात, याचे कारण त्या वयातल्या शरीरात आहे.

बाळाला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घातल्या की ते शांत होते, हे प्रत्येक आजीला माहीत असते. जपानमधील रिकेन या संशोधन संस्थेत कुमी कुरोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मोजून पाहिले. आई बाळाला घेऊन चालू लागली की त्याच्या हृदयाचे ठोके लगेच मंदावतात. नुसते घेऊन बसल्याने तेवढा फरक पडत नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासातली सूचना कामाची आहे. रडणाऱ्या बाळाला घेऊन पाच मिनिटे सलग चालावे, ते झोपले की लगेच खाली ठेवू नये, आणखी पाच ते आठ मिनिटे तसेच घेऊन बसावे आणि मग अंथरुणावर टाकावे. झोप पुरती लागण्याआधी अंगाचा आधार सुटला की मूल टक्क जागे होते. गादीवर ठेवताना त्याला उताणे ठेवावे. पालथे झोपवल्याने अचानक श्वास थांबून होणाऱ्या मृत्यूचा धोका वाढतो, हे सिद्ध झाल्यावर अमेरिकेत १९९४ मध्ये यासाठी मोठी मोहीम निघाली आणि असे मृत्यू लक्षणीयरीत्या घटले. मऊ उशा, लोड, जाड पांघरुणे यांची बाळाच्या बिछान्यात गरज नसते.

यानंतर रडणे. बाळाचे रडणे दुसऱ्या आठवड्यापासून वाढत जाते, सहाव्या आठवड्याच्या सुमारास शिगेला पोहोचते आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत ओसरते. संध्याकाळी ते सर्वाधिक असते. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ मॉरिस वेसेल यांनी १९५४ मध्ये अशा रडण्यासाठी तिनाचा नियम सांगितला: दिवसाला तीन तासांहून अधिक, आठवड्यातून तीन दिवसांहून अधिक आणि तीन आठवड्यांहून अधिक काळ बाळ रडत असेल, आणि ते एरवी निरोगी असेल, तर त्याला ‘कोलिक’ म्हणावे. आपल्याकडे अशा वेळी पहिला संशय बाळंतिणीच्या ताटावर जातो. तिने वांगे, बटाटा किंवा हरभऱ्याची डाळ खाल्ली आणि बाळाला वात झाला, असे निदान स्वयंपाकघरातच होऊन जाते. कलहारीच्या वाळवंटातले कुंग आदिवासी बाळाला दिवसभर अंगावर बाळगतात आणि तासातून अनेकदा पाजतात. त्यांच्या मुलांचा अभ्यास झाला तेव्हा त्यांचे रडणेही याच वयात शिगेला पोहोचत असल्याचे आढळले. फरक इतकाच की एकेका वेळचे रडणे लवकर थांबत होते. म्हणजे जवळ घेतल्याने रडण्याची लांबी कमी होते, पण सहा आठवड्यांचे मूल रडतेच. डाळीचा यात फारसा संबंध नाही.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप, हिरवी उलटी, दूध ओढायचे बंद होणे किंवा ते निपचित पडणे, यांपैकी काहीही असेल तर मात्र वाट न पाहता डॉक्टर गाठावेत. आणि सगळे करूनही रडे थांबत नसेल, सांभाळणाऱ्याचा तोल जाऊ लागला असेल, तर बाळाला सुरक्षित जागी ठेवून पाच मिनिटे खोलीबाहेर जाणे हा सर्वांत शहाणपणाचा मार्ग. वैतागून बाळाला गदागदा हलवल्याने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

याच सहाव्या आठवड्याच्या आसपास आणखी एक गोष्ट होते. झोपेत उमटणारे हसू आतापर्यंत कोणासाठीच नव्हते. आता बाळ समोरच्या चेहऱ्याकडे पाहून हसते. रडण्याचा कळस आणि पहिले ओळखीचे हसू एकाच पंधरवड्यात यावे, ही निसर्गाची सोय म्हणायला हरकत नाही. दीड महिन्याच्या जागरणाने जे आईबाप मेटाकुटीला आलेले असतात, त्यांना पुढचे दोन महिने हे हसू चालते ठेवते.

महाराष्ट्रात या काळाची एक जुनी घडी आहे. पहिले बाळंतपण माहेरी होते. सव्वा महिना बाळंतीण घरकामाला हात लावत नाही. डिंकाचे लाडू, हळिवाची खीर, बाळंतशेपा, खोबरे असा तिचा आहार ठरलेला असतो, आणि बाळ-बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालायला एक अनुभवी बाई येते. या व्यवस्थेतले सर्वांत मोलाचे औषध म्हणजे विश्रांती आणि हाताशी असलेली माणसे. बाळंतपणानंतर पहिले काही दिवस उगाच रडू येणे, चिडचिड होणे हे पुष्कळ स्त्रियांना होते आणि दोन आठवड्यांत बहुधा निवळते. ते त्याहून लांबले, झोप-भूक गेली, बाळाविषयी काहीच वाटेनासे झाले, तर ते बाळंतपणानंतरचे नैराश्य असू शकते आणि त्यावर उपचार आहेत. ‘सगळ्याच बायांना होते’ असे म्हणून ते उडवून लावणे हा या जुन्या घडीचा दोष.

दुसरा दोष बाळाच्या तोंडात जाणाऱ्या गोष्टींचा आहे. हळकुंड, वेखंड, जायफळ, मुरुडशेंग, हिरडा, सुंठ यांचे सहाणेवर ठरावीक वळसे उगाळून केलेली बाळगुटी अनेक घरांत अजून दिली जाते. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस मात्र साफ आहे: जन्मानंतर तासाभरात स्तनपान सुरू करावे आणि सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीही देऊ नये, उन्हाळ्यातले पाणीसुद्धा नाही. पहिले घट्ट, पिवळसर दूध म्हणजे चीक. तो टाकून देण्याची चाल काही भागांत होती. पण बाळाला रोगांशी लढायला लागणारी द्रव्ये त्यातच सर्वाधिक असतात. मधाचे बोट चाटवणे तर वर्षाच्या आत टाळलेच पाहिजे. मधात असणाऱ्या एका जिवाणूचे बीजाणू तान्ह्याच्या आतड्यात रुजून बॉट्युलिझम हा दुर्मीळ पण जिवावरचा आजार होऊ शकतो. डोळ्यांत काजळ घालणे आणि धुरी देणे यांनाही डॉक्टरांचा विरोध असतो, कारण काजळात शिसे असू शकते आणि धूर कोवळ्या फुप्फुसांना बाधतो. तेल लावणे, मऊ दुपट्यात गुंडाळणे, अंगाई म्हणणे याला कोणाचीच हरकत नाही. आजी आणि डॉक्टर यांच्यात निवड करण्याची वेळ त्यामुळे वाटते तितक्यांदा येत नाही.

सहा महिन्यांनंतर उष्टावण. अनेक घरांत बाळाला मामाच्या मांडीवर बसवून चांदीच्या वाटीतून खिरीचे पहिले बोट चाटवतात. या मुहूर्तामागे शरीराचे गणितही आहे. आईच्या पोटात असताना साठवलेले लोह या सुमाराला संपत आलेले असते आणि दुधातून मिळणारे लोह पुरत नाही. नाचणीचे सत्त्व, मुगाच्या डाळीची पातळ खिचडी, तूप घातलेला गुरगुट्या भात, कुस्करलेले केळे, उकडून किसलेली भाजी असे पदार्थ हळूहळू सुरू होतात. खाणाऱ्या घरांत अंडे आणि मासेही चालतात. पहिल्या आठवड्यांत वाटीतले निम्मे लाळेऱ्यावर आणि उरलेले भिंतीवर जाते. जिभेने अन्न बाहेर ढकलण्याची जन्मजात प्रतिक्रिया नुकतीच मावळत असते, म्हणून बाळ घास बाहेर काढते. त्याला चव आवडली नाही असा अर्थ काढण्याची घाई करू नये. एक जपायचे: शेंगदाणे, फुटाणे, सुपारी, अख्खी द्राक्षे यांपासून पाच वर्षांपर्यंत मुलांना दूर ठेवावे. संक्रांतीच्या बोरन्हाणात मुलाच्या डोक्यावर बोरे, हरभरे, उसाचे करवे आणि चुरमुरे ओतले जातात. फोटो छान येतात, पण खाली सांडलेल्यातले तान्ह्याच्या तोंडात काय गेले हे कोणीतरी पाहत राहावे लागते.

जेवणाची खरी लढाई दुसऱ्या वर्षात सुरू होते, आणि तिच्यामागचे कारण बहुतेक पालकांना कोणी सांगतच नाही. तीन किलोचे जन्मलेले मूल पाचव्या महिन्यात साधारण सहा किलोचे आणि वर्षाचे होईपर्यंत नऊ किलोचे होते. म्हणजे एका वर्षात वजन तिप्पट. पुढच्या संपूर्ण वर्षात ते जेमतेम दोन ते अडीच किलोंनी वाढते. वाढीचा वेग इतका उतरल्यावर भूकही उतरणारच. नेमके याच वेळी मूल चालायला लागलेले असते आणि जगात ताटापेक्षा पुष्कळ रंजक गोष्टी असल्याचा शोध त्याला लागलेला असतो. घरात मात्र आक्रोश सुरू होतो: काहीच खात नाही, वाळून चालला आहे. मग वाटी हातात घेऊन अंगणभर किंवा फ्लॅटभर मुलामागे धावणे, चिऊकाऊचे घास, चांदोबा, आणि हल्ली मोबाइल. मोबाइल दाखवला की मूल तोंड उघडते हे खरे. पण आपण काय आणि किती खातो आहोत याकडे त्याचे लक्ष नसते, आणि पोट भरल्याची खूण ओळखण्याची त्याची उपजत क्षमता त्यामुळे बोथट होते. चिऊचा घास भरवणाऱ्या आजीची युक्ती त्या मानाने निर्दोष होती. तिथे निदान मूल आणि माणूस एकमेकांकडे पाहत होते.

साधारण दोन ते सहा वर्षांच्या काळात नवे पदार्थ नाकारणे हाही वाढीचाच भाग आहे. स्वतःच्या पायांवर फिरणारे मूल दिसेल ते तोंडात घालू लागले तर ते विषारी फळही खाईल, म्हणून अनोळखी अन्नाचा हा संशय उत्क्रांतीत उपयोगी पडला असावा, असे अभ्यासक मानतात. एखादी भाजी आवडण्याआधी ती आठ ते पंधरा वेळा समोर यावी लागते. बहुतेक घरांत तिसऱ्या-चौथ्या वेळेलाच ‘याला दुधी आवडत नाही’ असा शिक्का बसतो. अमेरिकन आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी यावर कामाची एक वाटणी सुचवली: काय, कधी आणि कुठे वाढायचे हे मोठ्यांनी ठरवावे, खायचे की नाही आणि किती, हे मुलाने. आपल्या घरांना ही वाटणी कठीण जाते, कारण पानात टाकलेला घास आपल्याकडे अन्नाचा अपमान मानला जातो. त्यावर उपाय म्हणजे आधी थोडेच वाढावे आणि हवे असेल तर पुन्हा मागू द्यावे. दुधाचे प्रमाणही पाहावे. दिवसाला लिटरभर दूध पिणारे मूल जेवत नाही यात नवल नाही, आणि अशा मुलांत रक्तक्षय आढळतो.

आता पुन्हा थोडे मागे, आठव्या महिन्याकडे. तोपर्यंत कोणाच्याही कडेवर जाणारे बाळ या सुमारास अनोळखी चेहरा पाहून आईला बिलगते. आई न्हाणीघरात गेली तरी दाराशी बसून रडते. ‘फार लाडावले आहे’ असे पाहुणे म्हणतात. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी स्वतःच्या तीन मुलांचे बारकाईने निरीक्षण करून सांगितले की, दृष्टीआड झालेली वस्तू अस्तित्वात राहते हे बाळाला साधारण या वयात उमगू लागते. ही समज त्याहूनही लवकर येत असावी असे नंतरच्या प्रयोगांवरून दिसते, पण आठव्या-नवव्या महिन्यात बाळ लपवलेली वस्तू शोधू लागते हे निरीक्षण टिकून आहे. आई गेली म्हणजे ती कुठेतरी आहे, फक्त इथे नाही, हे कळल्याशिवाय तिची आठवण काढून रडता येत नाही. आणि पदराआडचा चेहरा परत येणार हे कळल्याशिवाय ‘बुवाकुक’ची मजा येत नाही. खुर्चीवर बसवलेले बाळ चमचा पुन्हापुन्हा खाली टाकते आणि मोठ्यांना तो पुन्हापुन्हा उचलायला लावते, तोही याच अभ्यासक्रमातला प्रयोग आहे. विसाव्या वेळी वाकताना हे आठवणे सोपे नाही.

आई किंवा वडील प्रत्येक हाकेला तत्परतेने ओ देतात का, यावर मुलाचे सारे भवितव्य अवलंबून असते, अशी धास्ती हल्लीच्या पालकांत पसरली आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांच्या निरीक्षणांनी ती बरीच हलकी व्हावी. आई आणि बाळ यांचे व्यवहार त्यांनी क्षणाक्षणाने तपासले. निरोगी जोड्यांमध्येही दोघांचे सूर जुळलेले असण्याचा वेळ सुमारे तीस टक्केच निघाला. उरलेल्या वेळात बाळ एकीकडे पाहते आणि आई दुसरीकडे, एकाला खेळायचे असते आणि दुसऱ्याला झोपायचे. बिनसणे आणि पुन्हा जुळणे हाच नात्याचा रोजचा क्रम असतो, आणि बाळ त्यातूनच शिकते. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी त्याआधीच सांगितले होते की मुलाला परिपूर्ण आई लागत नाही, पुरेशी चांगली आई लागते. मराठी मनात ‘श्यामची आई’ इतकी खोल रुतलेली आहे की हे वाक्य पचायला जरा वेळ लागतो.

दीड वर्षाच्या आसपास ‘नाही’ हा शब्द घरात येतो. अंघोळ नाही, चप्पल नाही, घरी जायचे नाही. चपलेचा पट्टा स्वतःच लावायचा, तो लागत नाही, आणि कोणी लावून दिला तर जमिनीवर लोळण. बाजारात, लग्नाच्या पंगतीत, एस.टी. स्टँडवर हे घडले की आसपासचे सगळे आईबापांकडे पाहू लागतात. या वयातल्या मुलाला आपली इच्छा इतरांहून वेगळी आहे हे कळलेले असते. दीड वर्षाला बोलता येणारे शब्द मात्र सरासरी पन्नासेकच असतात, आणि रागाला आवर घालणारा, कपाळामागचा मेंदूचा भाग तर विशीनंतरही घडत राहतो. इच्छा मोठी, शब्द थोडे आणि लगाम जवळजवळ नाही. अशा स्थितीत मूल समंजसपणे वागले तरच आश्चर्य. अमेरिकेत मायकेल पोटेगल आणि सहकाऱ्यांनी अशा शेकडो थैमानांचा अभ्यास केला. त्यांतली सुमारे तीनचतुर्थांश पाच मिनिटांत संपत होती. राग सुरुवातीला एकदम उसळतो आणि उतरत जातो. दुःख मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत असते. त्यामुळे थैमान ऐन भरात असताना समजावणे, प्रश्न विचारणे, पर्याय देणे याचा उपयोग होत नाही. मुलाला किंवा दुसऱ्याला इजा होणार नाही एवढे पाहावे आणि जवळ थांबावे. राग ओसरून नुसते रडे उरले की मूल आपणहून कुशीत येते. ज्या गोष्टीसाठी लोळण घेतली ती थैमान संपवण्यासाठी दिली, तर पुढच्या बाजारात तेच घडते. आईने नाही म्हटलेले आजोबांनी गुपचूप दिले, तर आणखी लवकर घडते.

हट्टाच्या या वर्षांतच भाषाही फुलते, आणि घरातली सर्वाधिक करमणूक तिथे असते. दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडते: ‘बाबा गेला’, ‘अजून खाऊ’. तिसऱ्या वर्षी ते व्याकरणाचे नियम स्वतः शोधून नको तिथे लावते. ‘केलं’ ऐवजी ‘करलं’ म्हणणाऱ्या मुलाने ‘करलं’ कोणाच्याही तोंडून ऐकलेले नसते. ‘धरलं’, ‘भरलं’ यांवरून त्याने नियम बसवलेला असतो. ही चूक म्हणजे बुद्धी चालू असल्याचा पुरावा, म्हणून तिला हसावे पण दुरुस्तीची छडी घेऊन मागे लागू नये. मुलांना तीच गोष्ट रोज ऐकायची असते. काऊचे घर शेणाचे आणि चिऊचे मेणाचे, पाऊस येतो, काऊचे घर वाहून जाते. यातला एक शब्द बदलला तरी श्रोता उठून बसतो. ससेक्स विद्यापीठातल्या जेसिका हॉर्स्ट यांनी २०११ मध्ये तीन वर्षांच्या मुलांवर प्रयोग केला. काही मुलांना तेच पुस्तक पुन्हापुन्हा वाचून दाखवले, काहींना तेच नवे शब्द असलेली निरनिराळी पुस्तके. पहिल्या मुलांनी ते शब्द अधिक चांगले आत्मसात केले. सांगणारा कंटाळतो, कारण पुढे काय होणार हे त्याला माहीत असते. ऐकणाऱ्याला त्याच कारणासाठी मजा येते.

मग एकंदरीत पालकांना यातून सुख मिळते की नाही? मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार स्त्रियांना आदल्या दिवसाची कामे एकेक करून आठवायला लावली आणि प्रत्येक वेळी कसे वाटत होते ते नोंदवले. मुलांना सांभाळण्याचे काम सुखाच्या यादीत स्वयंपाक आणि खरेदी यांच्याही खाली गेले, घरकामाच्या जरासे वर. ही बातमी जगभर गाजली. २००९ मध्ये मॅथ्यू व्हाइट आणि पॉल डोलन यांनी त्याला एक प्रश्न जोडला: त्या वेळी बरे वाटले का, एवढेच न विचारता ते काम अर्थपूर्ण वाटले का, हेही विचारले. तेव्हा मुलांसोबतचा वेळ पुष्कळ वर सरकला. दोन्ही निष्कर्ष एकत्र ठेवल्यावर कोणत्याही आईला नवे काही कळत नाही, पण पालकत्वाचे गोडवे गाणाऱ्या जाहिराती आणि पालकत्वाला कंटाळलेले लेख दोन्ही अर्धेच का वाटतात, ते कळते.

दुसरी गोष्ट अशी की हे काम कितीजणांत वाटले जाते, यावर ते किती जड होते हे ठरते. बापाचे शरीरही या कामासाठी तयार होते. फिलिपिन्समधल्या सेबू येथे ६२४ तरुणांचा काही वर्षे मागोवा घेतला, तेव्हा वडील झालेल्यांचे टेस्टोस्टेरॉन बरेच उतरलेले दिसले, आणि मुलांना रोज अधिक वेळ सांभाळणाऱ्यांत ते सर्वांत कमी होते. भारतातला कायदा मात्र बाळंतपण हे एकट्या आईचे काम समजतो. २०१७ च्या दुरुस्तीने संघटित क्षेत्रातल्या स्त्रियांची पगारी प्रसूती रजा पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची झाली, आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना १५ दिवसांची रजा मिळते. खाजगी नोकरीतल्या बापाला कायद्याने एकही दिवस नाही. पुण्या-मुंबईत मग सहा महिन्यांच्या बाळासाठी आजी गावाहून येते, नाहीतर पाळणाघर शोधले जाते. आणि ज्यांना यांपैकी काहीच नाही अशी घरेही लाखांनी आहेत. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला निघणारी जोडपी तान्ही मुले बरोबर नेतात. पहाटे आई कोयता घेऊन फडात उतरते, बाळ बांधावरच्या झोळीत असते आणि त्याच्यापाशी सहा-सात वर्षांची बहीण. झोपेच्या वेळापत्रकाचा सल्ला तिथे कोणाला देणार?

या बहिणीचा प्रश्न बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या फार पूर्वीच लक्षात आला होता. १९४५ पासून बोर्डीला आणि नंतर डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम करताना त्यांना दिसले की धाकट्याला सांभाळायचे म्हणून मोठी मुलगी शाळेत येत नाही. त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. शाळेत न येणाऱ्या मुलांच्या अंगणातच बालवाडी नेली, ती अंगणवाडी. १९७५ मध्ये केंद्राने सुरू केलेल्या एकात्मिक बालविकास योजनेतली केंद्रे आज देशभर अंगणवाडी याच नावाने चालतात.

चौथ्या वर्षाच्या आसपास मूल पहिल्यांदा जाणूनबुजून खोटे बोलते. तोंडाला चॉकलेट लागलेले असते आणि ‘मी नाही खाल्लं’ असे शांतपणे सांगितले जाते. आईबाप हादरतात. या खोट्यामागे मोठी बौद्धिक उडी आहे. आपल्याला माहीत असलेली गोष्ट समोरच्याला माहीत नसते, हे कळल्याशिवाय खोटे बोलताच येत नाही. हाइन्झ विमर आणि योसेफ पेर्नर यांनी १९८३ मध्ये मुलांना एक गोष्ट सांगितली: एका मुलाने कपाटात चॉकलेट ठेवले, तो बाहेर गेल्यावर आईने ते दुसऱ्या कपाटात हलवले, परत आल्यावर तो कुठे शोधेल? तीन वर्षांची मुले दुसरे कपाट दाखवतात, कारण चॉकलेट तिथे आहे. चार-पाच वर्षांची मुले पहिले दाखवू लागतात. व्हिक्टोरिया तलवार आणि कँग ली यांनी मुलांना ‘मागच्या खेळण्याकडे वळून पाहू नकोस’ असे सांगून खोलीत एकटे सोडले. बहुतेकांनी पाहिलेच. तीन वर्षांच्यांपैकी जवळजवळ निम्म्यांनी ते कबूल केले, त्याहून मोठ्यांपैकी बहुतेकांनी नाकारले. पण लगेच ‘खेळणे कोणते असेल?’ असे विचारल्यावर अनेकांनी त्याचे बरोबर नाव सांगून टाकले.

याच दोघांनी पुढे पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शाळांतल्या तीन-चार वर्षांच्या मुलांवर हाच प्रयोग केला. एका शाळेत चुकीला मार मिळत असे, दुसरीत नाही. मार मिळणाऱ्या शाळेतली मुले अधिक प्रमाणात खोटे बोलली. शिवाय खेळण्याचे नाव विचारल्यावर मुद्दाम चुकीचे उत्तर देऊन आपले खोटे टिकवून धरण्यातही तीच जास्त तरबेज निघाली.